चोलेंग बोलते तसं लिहिते

दातांच्या डॉक्टरचा एक फायदा असतो. समोरचा माणूस आ वासून बसलेला असतो, त्यामुळे बोलण्याचा मान आपला. फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सान लाझारो गावात हा मान मला कधी मिळाला नाही. पेशंट खुर्चीत टेकतो आणि मी आरसा हातात घ्यायच्या आत विचारतो, "डॉक, काल टीव्हीवर मिसेस म्हणाल्या ते खरं का हो?" मी म्हणतो, "आ करा." लोक आ करतात, पण डोळ्यांनी विचारतच राहतात.

माझं नाव युसेबियो पाल्मारेस. चर्चच्या समोर, प्लाझाच्या म्हणजे गावच्या चौकाच्या कडेला माझा दवाखाना आहे. पाटी चांगली मोठी लावली आहे. तरी परगावच्या माणसाने पत्ता विचारला की लोक सांगतात, "चोलेंगच्या नवऱ्याचा दवाखाना ना? तो काय समोर." मला याचं वाईट वाटत नाही. नावाजलेल्या बाईचा नवरा असणं हे थंडगार सावलीत बसण्यासारखं आहे. आपल्याला काही करावं लागत नाही.

चोलेंग म्हणजे सोलेदाद, माझी बायको. लग्न झालं तेव्हा ती गावच्या शाळेत चौथीला शिकवायची. टीव्हीत गेली ती भांडायला म्हणून.

त्या काळी इलोइलो शहरातल्या एका केंद्रावरून संध्याकाळी आमच्या इलोंग्गो भाषेत बातम्या लागायच्या आणि शेवटी हवामान. हवामान सांगणारा गृहस्थ मनिलाहून आलेला होता. तो किनाऱ्यावरच्या गावांची नावं अशी काही घ्यायचा की वादळ नक्की कुणाच्या डोक्यावर येतंय हे कळायला मार्ग नसे. एकदा त्याने आमच्या गावाचं नाव घेतलं आणि होड्या वर ओढल्या पलीकडच्या गावाने. आम्ही आपले निवांत. वादळ आमच्याकडे आलं. माणसं वाचली, पण बऱ्याच होड्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी चोलेंगने शाळेला दांडी मारली, जीपनीत, म्हणजे आमच्याकडच्या वडापच्या लांब जीपमध्ये बसली आणि शहरात जाऊन केंद्राच्या मॅनेजरसमोर उभी राहिली.

"तुमचा माणूस नावं चुकवतो," ती म्हणाली.

"बाई, त्याचा आवाज किती चांगला आहे!"

"आवाज चांगला आहे म्हणून तर लोक त्याचं खरं मानतात."

मॅनेजर वैतागला. "मग तुम्हीच येऊन वाचा."

"वाचते की. कधी येऊ?"

हे सगळं तिने मला जेवताना सांगितलं, जसं बाजारातून वांगी आणल्याचं सांगावं तसं. मी विचारलं, "आणि शाळा?"

"शाळेत तरी काय करते? रोज नावंच घेते हजेरीची. इथे गावांची घेईन."

हवामानावरून ती बातम्यांवर आली आणि बातम्यांवरून माईक हातात घेऊन बाहेर पडली. दिसायला ती चारचौघींसारखी. आवाजही काही मधाळ नाही, थोडा बसका आहे. पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसला तो एका बोटीमुळे.

बाकोलोदहून इलोइलोला येणारी बोट वादळात अडकली आणि वेळेवर धक्क्याला लागली नाही. दुसऱ्या एका केंद्राने सरळ सांगून टाकलं की बोट बुडाली. धक्क्यावर रडारड सुरू झाली. चोलेंग तिथे भिजत उभी होती. स्टुडिओतून तिला विचारलं गेलं, "सोलेदाद, किती माणसं गेली?"

ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही. बोट अजून आलेली नाही, एवढंच आम्हाला माहीत आहे. ज्यांची माणसं बोटीत आहेत त्यांनी पावसात येऊ नका. मी इथेच आहे. कळलं की सांगते."

मॅनेजर फोनवर तिच्यावर ओरडला म्हणे. समोरचे बातम्या देतायत आणि तू काय देतेस, माहीत नाही? ती म्हणाली, "जे आहे ते देते, सर." सकाळी वारा पडला आणि गिमारास बेटाच्या आडोशाने थांबलेली ती बोट हळूहळू धक्क्याला आली. आतले सगळे ओकून ओकून अर्धमेले झालेले, पण जिवंत. त्या दिवसापासून आमच्या भागात कुणी काही उडती बातमी आणली की लोक विचारायला लागले, "चोलेंगने सांगितलं का?" नसेल सांगितलं, तर खोटं.

पुढे मनिलाने तिला बोलावलं. सगळ्या देशाला दिसणाऱ्या बातम्या, मोठं केंद्र. आमची रोशेल तेव्हा शाळेत जात होती. मी म्हटलं जा, मुलीचं मी बघतो, वेणी घालायला तेवढं शिकव. ती गेली आणि वर्षभर राहिली. पण तागालोगमधून, म्हणजे मनिलाच्या भाषेतून बातम्या द्यायच्या म्हणजे पंचाईत. आम्हा इलोंग्गो माणसांचं बोलणंच मुळात हेलकावे घेत चालतं. आम्ही भांडलो तरी ऐकणाऱ्याला वाटतं लाडीगोडी चालली आहे. तिथला साहेब तिला म्हणाला की तुम्ही खुनाची बातमी दिलीत तर बाळ झोपेल. मग तिला उच्चार शिकवायला माणूस नेमला. तो तिला सरळ रेषेत बोलायला शिकवायचा आणि ती शिकली सुद्धा. पण एका दुपारी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तिथे मी दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी बोलत होते. जेवायला काय आहे?"

जेवायला तुरीचे दाणे, कोवळा फणस आणि डुकराचं मांस होतं, चांगलं आंबट केलेलं. तिने दोनदा भात घेतला. मनिलाचा विषय त्यानंतर आमच्या घरात क्वचितच निघाला, आणि निघाला तेव्हा हसण्यासाठीच.

इलोइलोच्या केंद्राने तिला परत घेतलं. पुढची कितीतरी वर्षं ती संध्याकाळच्या बातम्यांची मुख्य होती. मग एक दिवस केंद्राच्या मालकांनी ठरवलं की प्रांतोप्रांतीच्या बातम्या वेगळ्या करणं परवडत नाही, सगळं मनिलाहूनच होईल. शेवटच्या दिवशी बाकीचे रडले. चोलेंगने बातम्या नेहमीसारख्या दिल्या आणि शेवटी म्हणाली, "उद्यापासून आम्ही नाही. रेडिओ लावत जा, आणि आभाळाकडेही बघत जा. बरं, येते."

घरी आल्यावर मात्र तिचे हात रिकामे झाले आणि त्याचा ताप मला झाला. ती दवाखान्यात येऊन बसायला लागली. पेशंटची बाहेरच मुलाखत व्हायची. "कधीपासून दुखतंय? मग इतके दिवस काय केलंत? आधीच्या डॉक्टरने काय सांगितलं होतं? त्याचं म्हणणं काय?" एक म्हातारा तर घाबरून दात तसाच घेऊन घरी गेला.

मी तिला काही बोलायच्या आत बॉयचा फोन आला. बॉय सोरियानो म्हणजे इलोइलोच्या एका दैनिकाचा संपादक. वय साठीच्या पुढे, डोक्यावर एक केस नाही, पण आमच्याकडे एकदा बॉय म्हटलं की माणूस मरेपर्यंत बॉयच राहतो. तो म्हणाला, "चोलेंग, आठवड्यातून दोनदा सदर लिही. विषय तुझा. फोटो छापू."

"फोटो कशाला? लोकांना तोंड पाठ आहे," ती म्हणाली, पण मला दिसलं की ती खूश झाली होती.

पेपर इंग्रजी होता, तेव्हा सदरही इंग्रजी. चोलेंगने शिक्षण धोरणावर लिहिलं, राज्यघटनेवर लिहिलं, जगाच्या तापमानावर लिहिलं. एकेक शब्द असा, की मला दातांच्या पुस्तकातही तेवढे कठीण शब्द भेटले नव्हते. सदर छापून यायचं आणि गावात काहीच व्हायचं नाही. जे पेशंट पूर्वी खुर्चीत बसायच्या आधी टीव्हीवरचं बोलायचे, ते आता मुकाट्याने आ करायचे. फक्त नांग पासिंग बोलली. नांग म्हणजे आमच्याकडची अक्का. ही बाई आमच्या किनाऱ्यावर मासळी खारवून वाळवते. तिची कवळी माझ्या हातची आणि तिची जीभ देवाच्या हातची.

"डॉक, तुझ्या बायकोचं पान फार चांगलं आहे हो," ती म्हणाली.

"वाचलंस?"

"वाचते कसली! मासळी बांधायला म्हणते मी. त्या पानावर चित्रं नसतात ना, शाई लागत नाही माशाला."

हे मी घरी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. चोलेंगची टीव्हीच्या दिवसांपासूनची सवय होती, लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची. एका रविवारी ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून नवं सदर वाचत होती आणि मी समोर कॉफी घेऊन बसलो होतो. मध्येच ती थांबली.

"सेबियो, तू ऐकतोयस का?"

"ऐकतोय की."

"मग डोळे का मिटलेस?"

"कान उघडे आहेत."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने हातातले कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "मलाही झोप आली रे. हे कोण लिहितंय? मी अशी कधी बोलते का? हे तर मनिलाच्या चपला घालून बसल्यासारखं झालं." मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर शेजारच्यांचा कोंबडा भर दुपारी आरवत होता. तिने नवा कागद घेतला आणि लिहायला लागली. ते सदर तिने इलोंग्गोत लिहिलं.

विषय म्हणजे आमच्या गल्लीतला दिवा. नुकताच लावलेला, दिवसासारखा पांढरा प्रकाश पाडणारा. त्या दिव्यामुळे गल्लीतल्या कोंबड्यांना उजाडल्यासारखं वाटून ते वेळीअवेळी आरवत होते, लोकांची झोप उडाली होती, मास्तर वर्गात पेंगत होते आणि ज्या गल्लीप्रमुखाने मोठ्या हौसेने दिवा लावला तो स्वतः खिडक्या लावून, पंखा सुरू करून घोरत होता. बस, एवढंच. पण वाचताना वाटायचं चोलेंग कठड्याला टेकून आपल्याशी बोलते आहे.

बॉयचा लगेच फोन. "चोलेंग, आपला पेपर इंग्रजी आहे."

"वाचणारे कुठे इंग्रज आहेत?"

"लोक हसतील गं."

"हसले तर वाचलं असं समज."

"आणि हे कोंबडे? राज्यघटनेचं काय झालं?"

"राज्यघटना झोपली आहे. कोंबडे जागे आहेत. छाप."

त्याने छापलं. लोक हसले. गल्लीप्रमुखाने दिव्याला वरून टोपी बसवली आणि आठवडाभर आमच्याकडे बघितलं नाही. नांग पासिंग दवाखान्यात आली ती दारातूनच ओरडत. "डॉक, तुझ्या बायकोला सांग, माझा कोंबडा त्यात का नाही? तो पण आरवतो!" त्यानंतर पेशंट पुन्हा बोलायला लागले आणि मी पुन्हा "आ करा" म्हणायला लागलो. बॉयचा पेपर आमच्या गावात पूर्वी शाळेत आणि नगरपालिकेतच जायचा, तो आता न्हाव्याकडेही दिसायला लागला. चोलेंग जीपनीवाल्यांवर लिहायची, घरच्या व्हिनेगरवर लिहायची, दोहाहून येणाऱ्या खोक्यांवर लिहायची, ज्यांत तिथे नोकरीला गेलेल्या मुली घरच्यांसाठी साबण आणि चॉकलेटं भरून पाठवतात. टीव्हीवर तिला अर्ध्या मिनिटात सगळं सांगावं लागायचं. आता ती म्हणायची, "सेबियो, इथे श्वास घ्यायला जागा आहे."

सगळं असं छान चाललं असताना रोशेलचं लग्न ठरलं.

रोशेल दोहाला नर्स आहे. सुट्टी काढून लग्नासाठी आली होती. नवरा गावातलाच, जहाजावर काम करणारा मुलगा. आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या पाठीशी मानाची माणसं उभी राहतात, निनोंग म्हणून. पहिला निनोंग होता आमच्या गावचा मेयर, आर्काद्यो मोंतेक्लारो. काद्यो म्हणजे माझा जुना मित्र. त्याचं सिमेंटचं दुकान होतं तेव्हापासूनचा. रोशेलच्या बाप्तिस्म्यालाही तोच निनोंग होता, म्हणून आम्ही एकमेकांना कुम्पारे म्हणतो. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यात पहिलं नाव त्याचं होतं.

नेमक्या त्याच दिवसांत काद्योने जाहीर केलं की किनाऱ्यावर फिरायला बुलेवार होणार. चर्चच्या मागपासून थेट नदीच्या मुखापर्यंत फरशी, दिवे, बाकं. म्हणजे जिथे पासिंग आणि इतर बायका बांबूच्या तट्ट्यांवर मासळी वाळवतात, ती सगळी जागा त्यात जाणार. त्यांना नदीपलीकडची जागा दाखवली होती. तिथे नारळीची दाट सावली, ऊन जमिनीला शिवत नाही. सावलीत मासळी वाळत नाही, कुजते.

चोलेंग पासिंगबरोबर किनाऱ्यावर फिरून आली आणि तिने लिहिलं. मला त्यातला एक भाग अजून आठवतो. "मेयरसाहेबांचा बुलेवार सुंदर होईल. दिवे लागतील, बाकं येतील, हात धरून फिरायला माणसंही येतील. पण घर सजवताना आपण दिवाणखाना सजवतो, चुलीवर सोफा ठेवत नाही. आमच्या गावाची चूल किनाऱ्यावर आहे. मासळीचा वास येतो हे खरं. जेवणाचा वास तर येणारच."

पेपर आला आणि आमच्या घरात वादळ झालं. रोशेल पेपर हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"मा, लग्न होईपर्यंत थांबता येत नव्हतं तुला?"

"ठेकेदार थांबणार होता का?"

"पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं आहे!"

"अगं, मी त्यांना शिवी दिली का? चुलीवर सोफा ठेवू नका, एवढंच म्हटलं."

"पा, तुम्ही काहीतरी बोला ना."

बायको आणि मुलगी यांच्या मधल्या जागेत माणसाने फक्त पाणी भरावं. मी पाणी भरायला गेलो.

काद्यो भांडायला आला नाही, आणि तेच जास्त लागलं. रविवारी चर्चमध्ये तो नेहमीच्या बाकावर बसायचा, आमच्या पुढच्या. तो पलीकडे जाऊन बसला. मग त्याच्या कचेरीतून निरोप आला की लग्नाच्या दिवशी मेयरना कदाचित शहरात बैठक असेल. रोशेल खोलीत जाऊन रडली. चोलेंगने दाराबाहेरून हाक मारून बघितली. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ अंगणात येऊन बसली.

"सेबियो, मी चुकले का?"

"जे लिहिलंस त्यात काही खोटं आहे?"

"खोटं नाही." मग म्हणाली, "पण एक चुकले. त्याला विचारलं नाही मी. टीव्हीवर असते तर आधी त्याच्यापुढे माईक धरला असता, मग बोलले असते. आता घरात बसून लिहायची सवय लागली ना, वाटलं काद्यो काय म्हणेल ते मला माहीतच आहे. सांगून टाकलं सरळ, त्या बोट बुडाली म्हणणाऱ्यांसारखं."

दुसऱ्या दिवशी तिने मेयरच्या कचेरीत फोन केला. साहेब कामात आहेत. पुन्हा केला. साहेब बाहेर गेले आहेत. ती स्वतः गेली, तर साहेब मागच्या दाराने गेले.

पण दाढ दुखायला लागल्यावर माणसाला मागचं दार उरत नाही. आमच्या गावात दातांचा डॉक्टर मी एकटा. दुसरा शहरात, तासभर जीपनीत धक्के खात जायचं. एका सकाळी काद्यो गालाला रुमाल बांधून दवाखान्याच्या पायऱ्या चढला. प्लाझात बसलेली सगळी रिकामी माणसं उठून उभी राहिली.

"कुम्पारे," तो म्हणाला, "तुझ्या बायकोने लिहिलंय म्हणून आलो नाही. दाढेने पाठवलंय."

"दाढेचं ऐकावं माणसाने. बस."

दाढ पार किडली होती. मी सुई दिली आणि वाट बघत बसलो. तो कण्हत म्हणाला, "चूल म्हणे! माझ्या बुलेवारला सोफा म्हणाली ती."

"हलू नको."

"माझी आई मला रोज विचारते, तू पासिंगच्या चुलीवर बसणार आहेस का? आईसुद्धा!"

"आ कर."

दाढ काढून मी कापूस दाबला आणि तेवढ्यात चोलेंग आत आली. काद्योने डोळे मोठे केले. तोंडात कापूस, ओठ बधिर, पळायला जागा नाही. मला वाटलं आता ही विचारणार, आणि तो माना हलवून उत्तरं देणार, आणि उद्या ते पेपरात येणार. चोलेंगने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घाबरू नका, कुम्पारे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मी प्रश्न विचारत नाही. घरी चला. पेज केली आहे. तोंड उघडलं की बोलू."

घर दवाखान्याच्या मागेच आहे. काद्यो आला, का आला कुणास ठाऊक. भूक लागली असेल. आमच्या टेबलाशी बसून त्याने आलं घातलेली कोंबडीची पेज खाल्ली, अर्धी तोंडात आणि अर्धी शर्टावर. रोशेलने त्याला रुमाल आणून दिला आणि ती तिथेच उभी राहिली. त्याच्या ओठात जीव आल्यावर चोलेंग म्हणाली, "आता सांगा. तुम्हाला हा बुलेवार का हवाय? मी मध्ये बोलणार नाही."

"तू? मध्ये बोलणार नाहीस?"

"बघाच."

काद्यो आधी ठेकेदाराचं आणि पर्यटनाचं सांगायला लागला, कचेरीतल्या भाषेत. मग रोशेलकडे बघून थांबला.

"हिच्यासाठी," तो म्हणाला. "आपल्या पोरी दोहाला जातात, पोरं जहाजावर जातात. सुट्टीवर येतात तेव्हा संध्याकाळी जायचं कुठे? प्लाझात म्हातारे बसतात. मग ती शहरातल्या मॉलमध्ये जाऊन बसतात आणि तिथूनच विमानाला. गावात एक जागा नको का, जिथे बसून समुद्र बघता येईल? जिची आठवण काढून कुणाला परत यावंसं वाटेल? तू माझ्या बुलेवारला सोफा म्हणतेस, ठीक आहे. पण घरात कुणी बसायलाच येणार नसेल तर चूल कुणासाठी पेटवायची?"

रोशेल डोळे पुसत होती. चोलेंगने विचारलं, "हे असंच छापू?"

"छाप. पण पेजेचं लिहू नको."

"आणि दाढेचं?"

"दाढेचं गावाला कळलंय, आता काय!"

पुढच्या सदरात चोलेंगने स्वतःचं जवळजवळ काही लिहिलंच नाही. सुरुवातीला एवढंच म्हटलं की मागच्या वेळी मेयरना न विचारता मी लिहिलं, ते बरोबर झालं नाही, आज त्यांचं ऐका. आणि खाली काद्योचं बोलणं, जसं तो बोलला तसं. शेवटी तिचं एकच वाक्य होतं. "मला मेयरचं म्हणणं पटलं आणि पासिंगचंही पटतं, आणि किनारा काही लहान नाही."

गावात त्यावर इतकी चर्चा झाली की मला दवाखाना उघडायला उशीर होऊ लागला, कारण पायऱ्यांवरच लोक वाद घालत बसायचे. काद्यो तर स्वतःचं बोलणं छापून आलेलं बघून हरखला होता, त्याने पेपरच्या बऱ्याच प्रती मागवल्या. त्याच्या आईला मात्र शेवटचं वाक्य आवडलं. ती म्हणे रोज सकाळी त्याच्यापुढे पासिंगची खारवलेली मासळी वाढायची आणि म्हणायची, "खा. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, तूच ठरव."

काद्योने ठरवलं. बुलेवार चर्चच्या मागून सुरू करून गावच्या जुन्या धक्क्यापाशीच संपवला. तिथून नदीपर्यंतचा किनारा बायकांसाठी राहिला, आणि त्यांना तट्टे ठेवायला एक पत्र्याची शेड मिळाली. शेडवर काद्योने आपलं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं. त्यावर चोलेंगने काही लिहिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असू दे. त्याची दाढ गेली, नाव तरी राहू दे."

लग्नाला काद्यो आला. भरतकाम केलेला पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला आणि भाषण इतकं लांबवलं की पाहुण्यांचा भात गार झाला. भाषणात त्याने चोलेंगकडे बोट दाखवून सांगितलं, "या बाईशी भांडण करू नका. भांडलात तर जेवायला घालते." सगळे हसले. रोशेल आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते चोलेंगने मला अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

नांग पासिंगच्या तक्रारी संपल्या असं मात्र समजू नका. बुलेवारवर आता संध्याकाळी जोडपी येतात. "फरशी सोडून आमच्या बाजूला वाळूत येतात आणि तट्ट्यांमधून उड्या मारत जातात मेली," असं ती मला मागच्याच आठवड्यात सांगत होती, कवळी घट्ट करायला आली तेव्हा. "चोलेंगला सांग, प्रेमात पडायचं तर बघून पडा असं लिही म्हणावं."

चोलेंग आता बासष्टची झाली. शहरातल्या एका छोट्या केबल वाहिनीने तिला आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम दिला आहे. ती टेबल मांडून वगैरे बसत नाही. कुणाच्या तरी घरी, दुकानात, शेतात जाते, तिथे मिळेल त्या पाटावर बसते आणि बोलते. इलोंग्गोतच, सगळे हेलकावे घेत. सदरही चालू आहे. बॉयने आता पानाचं नावच बदललं आणि त्या पानावर आणखी दोघं इलोंग्गोत लिहायला लागले. त्यातली एक मुलगी चोलेंगपेक्षा चांगली लिहिते असं चोलेंगचं मत आहे. मला पटत नाही, पण माझं मत धरू नका.

आज ती कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानाबाहेर चहा विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेली होती. येताना शहरातल्या ला पासच्या बाजारातून बाचोय, म्हणजे रश्शातल्या शेवया, घेऊन आली. शेवया वेगळ्या, रस्सा वेगळा, वर टाकायचा तळलेला लसूण कागदात बांधलेला. आत्ता ती स्वयंपाकघरातून ओरडते आहे की रस्सा उकळलाय आणि मी आलो नाही तर ती एकटीच खाईल. तेव्हा मी उठतो.